शोधग्रामचा दवाखाना: काय उचलावं आणि कशाच्या नादी लागू नये

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की चातगावजवळ ‘सर्च’ संस्थेचं शोधग्राम लागतं. माँ दंतेश्वरी दवाखाना इथलाच. ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी या जिल्ह्यात १९८६ साली काम सुरू केलं. दवाखान्याचं आजचं रूप पुढे नव्वदच्या दशकात, आदिवासींना विचारून ठरलं. आदिवासी भागात आरोग्यसेवा उभी करू पाहणारी मंडळी हा दवाखाना बघायला येतात, झोपड्यांचे फोटो काढतात, आणि काही जण परत गेल्यावर आपल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वारली चित्रं रंगवून घेतात. गोंड-माडियांच्या मुलखात वारली चित्रं! नकलेची गाडी अशी पहिल्याच वळणावर रुळावरून घसरते. हे परीक्षण अशा अनुकरण करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

सरकारी दवाखान्यात का जात नाही, या प्रश्नाला लोकांनी दिलेली उत्तरं बंग दांपत्याने बऱ्याचदा जाहीरपणे सांगितली आहेत. इमारत एवढी मोठी की आत गेल्यावर भीती वाटते. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत फिरतात, आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. आजाऱ्याला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. शिवाय दवाखान्यात देव नाही. एकही तक्रार औषधाची नाही, हे लक्षात घ्या. म्हणून दवाखाना गावासारखा बांधला गेला, घरच्या माणसांना रुग्णाजवळ राहता येईल अशी सोय झाली, आणि नाव दिलं गेलं दंतेश्वरीचं. देवीचं मूळ स्थान छत्तीसगडमधलं दंतेवाडा. पण बस्तर आणि गडचिरोली यांच्यामधली राज्याची सीमा देवीला लागू नाही, भक्तांनाही नाही.

या चार गोष्टींत सगळ्यात मोलाची म्हणजे नातेवाइकांना आत घेणं. आदिवासी रुग्ण एकटा येत नाही. बाई आली तर अंगावरचं मूल येतं, त्याच्या मागचं येतं, सासू किंवा आई येते, नवरा येतो. यातल्या तिघांना फाटकाबाहेर ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी दिसते, आणि केसपेपरवर ‘न सांगता निघून गेली’ असा शेरा पडतो. प्रत्यक्षात तिने सगळ्यांना सांगितलेलं असतं. ऐकणाऱ्याला तिची भाषा येत नव्हती, एवढंच. घरची माणसं सोबत असली की उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढते. रात्री पाणी द्यायला, लघवीला न्यायला, सलाइन संपत आलं हे सांगायला माणूस असतो. नर्सची संख्या मंजूर पदांपेक्षा कायम कमी असलेल्या भागात ही चैन नाही, मनुष्यबळ आहे.

झोपडीवजा वॉर्डांबद्दल मात्र डोळे उघडे ठेवून निर्णय घ्या. सुट्या सुट्या खोल्या म्हणजे नर्सची पायपीट. रात्रपाळीला एक नर्स आणि पाच-सहा विखुरलेल्या कुट्या असतील तर प्रसूतीनंतर रक्तस्राव होणारी बाई किंवा झटके येणारं मलेरियाचं मूल नजरेआड जाऊ शकतं. असे रुग्ण पहिले २४ तास नर्सच्या खोलीला लागून असलेल्या एकाच मोठ्या खोलीत हवेत. ऑक्सिजन, सक्शन, बॅटरीवर चालणारा दिवा तिथेच. स्थिर झाल्यावर कुटीत पाठवा. गवताचं किंवा कौलांचं छप्पर दर पावसाळ्याआधी चाळावं लागतं, त्यासाठी वेगळा पैसा बाजूला काढावा लागतो. साप-विंचवाच्या मुलखात खाटा जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर लांब असाव्यात. जमीन शेणाने सारवलेली चालेल का, हा प्रश्न हमखास निघतो. रुग्णाच्या खोलीत नको, कारण रक्त आणि लघवी सांडल्यावर ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसता येईल असा पृष्ठभाग तिथे लागतो. अंगणात खुशाल सारवा.

देवीच्या नावाने दरवर्षी जत्रा भरते आणि गावोगावचे प्रतिनिधी आरोग्य संसदेत बसून कोणता आजार आधी हाताळायचा ते सांगतात. मलेरियाचं नाव त्यांनी घेतलं आणि त्यावर काम सुरू झालं. दवाखान्याचा खरा कणा हा आहे, आणि उचलायला सगळ्यात अवघडही हाच. कारण सरकारी यंत्रणेत कोणत्या आजाराला किती पैसा ते वर ठरतं आणि वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतं. ग्रामसभेने सिकलसेल म्हटलं आणि निधी आला कुष्ठरोग शोधमोहिमेचा, तर वैद्यकीय अधिकारी काय करणार? जिल्हा नियोजनातला काही पैसा ग्रामसभांच्या मागणीसाठी मोकळा ठेवल्याशिवाय आरोग्य सभा भरवू नये. विचारलं आणि केलं नाही, तर पुढच्या सभेला कोणी येत नाही.

भाषेची बाजू आमच्याकडे कायम लंगडी असते. मराठी बोलणारी नर्स, गोंडी किंवा माडिया बोलणारी रुग्ण, आणि मधे दुभाषी म्हणून नवरा. अशा बैठकीत पाळीचा, अंगावरून जाण्याचा, गर्भ पडल्याचा विषय निघतच नाही. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास आठवा: ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दुभाषी बाईच हवी, तीही शक्यतो रुग्णाच्या गावची नको. गावचीच असली तर गोष्ट संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोचते या धास्तीने रुग्ण गप्प बसते. ताप कधीपासून हे तारखेत विचारू नका, ‘मागच्या बाजाराच्या आधी की नंतर’ असं विचारा. पाळी कधी चुकली हे विचारताना मोहफुलं वेचायला जात होतात का, तेंदूपानाचा हंगाम सुरू झाला होता का, असं विचारलं की महिना बऱ्यापैकी नेमका सापडतो. पाळीत बाई कुर्मा घरात (पाळीच्या दिवसांत राहायच्या वेगळ्या झोपडीत) राहत असेल तर तिच्या गोळ्या तिथे कोण पोचवणार हेही त्याच वेळी ठरवा. औषध त्या दिवसांत बंद पडतं आणि डॉक्टरला वाटतं की गोळी लागू पडली नाही.

आता दवाखान्याबाहेरच्या एका वस्तूबद्दल जरा सविस्तर, कारण संस्कृतीचा विचार करून वस्तू कशी घडवतात याचा तिच्याइतका चांगला नमुना सापडणं कठीण. मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे मिनिटाला श्वास किती ते मोजायचं. गावातल्या सुईणी हुशार, हात तयार, पण दहा-बाराच्या पुढे मोजणं अवघड. त्यांना साक्षर करत बसण्याऐवजी ‘सर्च’ने श्वासमोजणी यंत्र बनवलं. यंत्र म्हणजे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी वरची ओळ: पाच हिरवे मणी आणि एक लाल. त्याहून मोठ्या मुलासाठी खालची: चार हिरवे, एक लाल. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. म्हणजे लहानग्यासाठी ६० आणि मोठ्यासाठी ५० ही मर्यादा न शिकवता मण्यांत बसवलेली आहे.

वापरताना चुका होतात त्या अशा. बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजलं जातं आणि आकडा फुगतो. झबलं वर न करता मोजलं तर पोटाची हालचाल दिसत नाही, निम्मे श्वास सुटतात. घड्याळ तिरक्या खाटेवर ठेवलं की वाळू हळू गळते आणि मिनिट लांबतं, ते सपाट पाटावरच ठेवावं. नवजात बाळाचा श्वास मधेच थांबून परत भरभर चालतो, म्हणून पहिल्या मोजणीत लाल मणी आला तर दुसऱ्यांदा मोजून मगच निर्णय घ्यायचा. छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जात असेल तर मण्यांकडे बघत बसू नये, सरळ पुढे पाठवावं.

याच विचारातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार झाल्या. ३९ गावांत त्यांनी काम केलं, ४७ गावं तुलनेसाठी होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मरणाचं प्रमाण शंभरात साडेसोळावरून तीनच्या आत आलं, कारण आरोग्यदूत तोंडावाटे औषधाबरोबर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन घरीच देत होत्या. २०११ साली ही पद्धत गावोगावच्या आशा सेविकांमार्फत देशभर गेली. जाताना इंजेक्शन मात्र गळलं. आशा बाळ तपासते, धोक्याची खूण ओळखते आणि पुढे पाठवते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा ‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठे, याचं उत्तर योजनेच्या मार्गदर्शिकेत नाही. माझ्या मते सगळ्या योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आशाच्या पिशवीतल्या वस्तू साध्या आहेत: थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, घड्याळ, पांघरूण, चमचा. काटा वापरताना रिकामी झोळी अडकवून आधी शून्यावर आणायची आणि वाचताना काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. खालून पाहिलं की वजन चुकतं. थर्मामीटरला ‘एलआर ४१’ ही बटणाएवढी बॅटरी लागते आणि ती गावच्या दुकानात मिळत नाही, दोन जास्तीच्या पिशवीतच ठेवाव्यात. भेटी घरच्या बाळंतपणात सात (१, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी), दवाखान्यातल्या बाळंतपणात पहिली सोडून सहा. मोबदला २५० रुपये. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी, आणि ४२व्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप. जन्मदाखला ग्रामसेवकाकडे अडला की आशाचे पैसे अडतात. आणि जिने सहा भेटी दिल्या, स्वतः धावपळ केली, तरीही बाळ गेलं, तिला काय? हा नियम लिहिणाऱ्याने वीज नसलेल्या पाड्यावर एक रात्र काढायला हवी होती.

बाळंतपणाच्या खोलीत महाराष्ट्रातले बहुतेक दवाखाने अजून मागे आहेत. घरी बाई उकिडवी बसते, आढ्याला बांधलेल्या दोराला धरते, मागून आई पाठ सांभाळते. दवाखान्यात तिला टेबलावर उताणं झोपवून पाय बांधल्यासारखे अडकवतात आणि आईला बाहेर काढतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या शिफारशींत बाईला हव्या त्या स्थितीत प्रसूत होऊ द्यावं असं म्हटलं आहे. पेरू देशात अयाकुचो भागातल्या सांतियाना इथे तिथल्या केचुआ आदिवासी स्त्रियांसाठी हेच केलं: दोर, बुटकं बाक, सोबतीला घरचे आणि सुईण, बोलणं केचुआत, बाळामागून पडणारी वार घरच्यांना परत. १९९९ साली तिथली ६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २००७ साली ८३ टक्के. दोर आणि बाक यांचा खर्च हजारभर रुपयांत बसेल. दोर हुकाला नको, भरभक्कम तुळईला बांधा आणि आधी दोन माणसांनी लोंबकळून पाहा. खाली धुता येणारी चटई हवी, आणि बाळ झेलणाऱ्या नर्सला जमिनीवर बसायची सवय हवी. सवयीपाशीच घोडं अडतं, कारण प्रशिक्षण सगळं टेबलावर झालेलं असतं. रक्तस्राव जास्त झाला तर लगेच टेबलावर घेता येईल इतकं ते जवळ असू द्या.

गुण द्यायचे तर लोकांना निर्णयात घेण्याबद्दल शोधग्रामला पाचपैकी पाच, वस्तू घडवण्याबद्दलही पाच. झोपड्यांना साडेतीन, तेही शोधग्रामच्या झोपड्यांना कमी लेखून नाही, तर सरकारी केंद्रात त्या नेटाने सांभाळल्या जाणार नाहीत या खात्रीने. तालुक्याच्या आरोग्य केंद्राला उद्यापासून करता येईल असं काही हवं असेल तर पांढरा कोट काढून ठेवा. रंगीत साडी किंवा एप्रन चालतो, त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही. नंतर नातेवाइकांचं बघा. सहा खाटांचं केंद्र आणि दर खाटेमागे तीन माणसं म्हणजे अठरा जास्तीचे लोक. माणशी १५ लिटर हा आपत्तीतल्या छावण्यांसाठी धरतात तो किमान हिशेब लावला तरी रोज २७० लिटर पाणी, बाळंतिणीचे कपडे धुणं वेगळं. ५०० लिटरची टाकी बसवा. वीस माणसांमागे एक संडास पुरतो, पण पुरुषांचा आणि बायकांचा वेगळा हवा म्हणून दोन बांधा, आणि बायकांच्या संडासाला आतून कडी लागते का ते स्वतः पाहा. चुली तीन, पत्र्याच्या शेडखाली, वॉर्डात धूर जाणार नाही अशा बाजूला. सरपणाला वेगळा कोरडा कोपरा. जुलैत ओलं लाकूड पेटलं नाही की माणसं वॉर्डाच्या व्हरांड्यात चूल मांडतात, आणि मग त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नसतो.