विजया तेल: सहा महिने, दोन बाटल्या

माझ्या नागिणीला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. फोड तीन आठवड्यांत सुकले, ठणका मात्र राहिला. डाव्या छातीखालून पाठीपर्यंत हाताएवढा पट्टा आहे, तिथे ब्लाउजची शिवण घासली तरी वीज चमकल्यासारखी कळ जाते. रात्री पांघरूणसुद्धा सहन होत नाही. डॉक्टरांनी प्रीगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी दिली, त्याने ठणका निम्म्यावर आला, पण डोस वाढवला की चक्कर यायची. मी शिक्षिका आहे, वर्गात फळ्याची कड धरून उभी राहायचे.

मग पुतणीने विजया तेलाचं सांगितलं. विजया म्हणजे भांगच. वन्संच्या कानावर गेलं तशा त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही गांजा घेणार?" त्यांना समजावलं तेच इथे लिहिते, कारण बहुतेकांचं पाऊल इथेच अडतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून पानांपासूनचं तेल आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनतं. आपल्या जुन्या जातिफलादी चूर्णातही भांग असते. मात्र कायद्याने ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली घ्या अशी सूचना लेबलवर छापावीच लागते.

आमच्या तालुक्याच्या गावात तीन आयुर्वेदिक दुकानं पालथी घातली, एकाकडेही नव्हतं. शेवटी एका कंपनीच्या साइटवरून मागवलं, नाव लिहीत नाही. आधी व्हिडिओ कॉलवर वैद्य भेटतात, मग चिठ्ठी, मग कुरिअर. मुलाने फोन लावून दिला. कॉल सहा मिनिटांत संपला. कुठे दुखतं, किती दिवस, झोप कशी, एवढंच विचारलं. आणखी कोणती औषधं चालू आहेत हे विचारलंच नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

ते महागात पडलं. रात्री जिभेखाली चार थेंब घेतले, वर नेहमीची प्रीगाबालिनची गोळी. पहाटे उठले तर पाय जमिनीला लागेनात, बाथरूमच्या दारात ह्यांनी धरलं म्हणून वाचले. या तेलात टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य असतं. दोन्ही औषधं गुंगी आणणारी, एकत्र आली की भार वाढतो. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. एका थेंबापासून सुरू करा, आठवड्याला एकच वाढवा आणि सकाळी स्कूटी चालवू नका, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

आता तीन थेंबांवर आहे. चव कडवट, गवतासारखी, घशात थोडी जळजळ. ठणका गेलेला नाही, हे स्पष्ट सांगते. पण पूर्वी दीडला जाग यायची ती थेट दूधवाल्याच्या घंटीपर्यंत येत नाही. झोप झाली की तोच ठणका दिवसा सोसवतो. माझ्यासाठी हे फार मोठं आहे. शेजारच्या काकूंनी गुडघ्यासाठी दोन थेंब मागितले, मी दिले नाहीत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू आहे, आणि या वनस्पतीतलं सीबीडी हे दुसरं द्रव्य त्या गोळीचा परिणाम वाढवू शकतं.

एक बाटली २,८०० रुपयांना पडली. माझा पगार आहे म्हणून परवडलं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही नागिणीनंतरचा हाच ठणका आहे. त्यांना हे तेल कसं मिळणार? त्यांच्याकडे साधा फोन आहे, आणि सरकारी दवाखान्यात हे मिळत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार लेबलची. बाटलीत एकूण अर्क किती ते छापलंय, पण दर मिलीमध्ये टीएचसी किती, सीबीडी किती, हे कुठेच नाही. ड्रॉपरवरच्या खुणाही दुसऱ्या महिन्यात पुसल्या. दुसरी बाटली पहिलीपेक्षा काळपट निघाली आणि तेवढ्याच थेंबांनी डोकं जड झालं, तेव्हा मी बॅच नंबर कळवून तपासणीचा अहवाल मागितला. उत्तर आलं, 'संबंधित विभागाला कळवले आहे.' त्याला १९ दिवस झाले. अहवाल हातात पडल्याशिवाय तिसरी बाटली मागवणार नाही.