सेंद्रिय कर्ब मोजायला हातातला स्पेक्ट्रोमीटर: यंत्र उत्तम, पडद्यावरची टक्केवारी जपून वापरा

३५० ते २५०० नॅनोमीटर वाचणारा, प्रोब थेट मातीला टेकवायचा स्पेक्ट्रोमीटर घेणार असाल तर आधी एकच विचारा: कच्चा वर्णपट, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश परत आला त्याचा आलेख, फाइलमध्ये मिळतो का? नुसती टक्केवारी दाखवणारं यंत्र घेऊ नका. यंत्र मोजतं ते परावर्तन, म्हणजे मातीवरून परत येणारा प्रकाश. त्यावरून कर्ब काढतं ते कॅलिब्रेशन, म्हणजे कर्ब माहीत असलेल्या नमुन्यांवर बांधलेलं गणिती मॉडेल. ते कुठल्या मातीवर बेतलंय हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर खताचा हिशोब मांडणं धोक्याचं.

वेगाला मात्र तोड नाही. वॉकली-ब्लॅक या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रासायनिक पद्धतीला डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, टायट्रेशन, आणि सरासरी ७७ टक्केच कर्ब हाती लागतो म्हणून वर १.३ चा गुणक. इथे रसायन काहीच नाही, वाळवून चाळलेला नमुना मिनिटा-दोन मिनिटांत वाचून होतो.

खरी मेहनत तयारीत आहे. माती सावलीत वाळवा, मुळं-काडीकचरा वेचा, २ मिमीच्या चाळणीतून काढा. पेट्री डिशमध्ये सेंटीमीटरभर थर पट्टीने सपाट करा, ठोकून घट्ट करू नका. डिश ९० अंशांनी फिरवत चार वाचनं घेऊन सरासरी काढा. ओलावा राहिला की १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळ खोल खड्डे पडतात, शिवाय अख्खा वर्णपट खाली बसतो. वाळलेल्या मातीवर बांधलेलं मॉडेल मग ओल्या, गडद मातीत नसलेला कर्ब दाखवू शकतं.

दिवा आणि डिटेक्टर अर्धा तास तरी तापू द्या. घाई केली की तीन डिटेक्टरच्या यंत्रात १००० आणि १८०० नॅनोमीटरच्या सांध्यावर आलेखाला पायरी पडते. ती दिसली तर थांबा, पांढरी चकती (परावर्तन जिच्याशी तुलना करून मोजतात ती) पुन्हा वाचा. चकतीकडे फार दुर्लक्ष होतं. मातकट प्रोब टेकवला की तिच्यावर करडं वलय उमटतं, आणि पुढची प्रत्येक माती आहे त्यापेक्षा उजळ वाचली जाते. दाबून, तापवून घट्ट केलेल्या (सिंटर्ड) टेफ्लॉनची चकती असेल तर वाहत्या पाण्याखाली २२०-२४० नंबरच्या वॉटरपेपरने हलकं घासा, पूर्ण वाळू द्या.

फक्त दृश्य प्रकाशावर चालणारी स्वस्त उपकरणं आम्ही सुचवणार नाही. चिकण काळी माती अर्धा टक्का कर्ब असतानाही गडद असते, लाल मातीत लोहाचे ऑक्साइड रंग बिघडवतात. सेंद्रिय पदार्थाच्या खुणा १७०० आणि २३०० नॅनोमीटरच्या आसपासही असतात, तिथवर ही उपकरणं पोचतच नाहीत. चुनखडीच्या मातीत २३४० जवळ कार्बोनेटचा खड्डा येतो, तोही मॉडेलला शिकवावा लागतो.

म्हणून आपल्याच जमिनींचे काही नमुने ड्राय कंबश्चनने, म्हणजे माती जाळून निघालेल्या वायूवरून कर्ब मोजण्याच्या पद्धतीने, तपासून मॉडेलमध्ये घाला. चुनखडी असेल तर जाळायच्या नमुन्यातून आधी आम्लाने कार्बोनेट काढून टाका. पडताळणीचे नमुने वेगळ्या शेतांतले ठेवा. एकाच शेताचे नमुने मॉडेल बांधायला आणि पडताळायला असे दोन्हीकडे गेले की अचूकता कागदावर सुरेख दिसते आणि पुढच्या शेतात कोसळते. वर्षाला दहा-वीस नमुने असतील तर प्रयोगशाळाच बरी. शेकड्यांनी असतील तर हे यंत्र जरूर घ्या, सोबत दुसरी पांढरी चकतीही घ्या.