साताऱ्यात स्नोड्रॉप : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

स्नोड्रॉप म्हणजे थंड देशांत हिवाळ्याअखेरीस फुलणारं, कंदापासून येणारं छोटं पांढरं फूल. ते साताऱ्यात जमतं का, याचा निकाल आधी सांगून टाकते. बावीस कंद घेतले, त्यातले दहा स्नोड्रॉप नव्हतेच, उरलेल्या बारांमधून दोन फुलं आली. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण पैसे घालायचा विचार असेल तर पुढचंही वाचा.

आम्ही शाहूपुरीच्या बाजूला राहतो. घरामागे चिंचोळी बाग, वर गच्ची. निशिगंध, नागदवणा, मे महिन्यात लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली, असं कंदवर्गातलं बरंच काही माझ्याकडे आपसूक वाढतं. त्यामुळे अंगात थोडी मस्ती होतीच. स्नोड्रॉप अ‍ॅमॅरिलिडेसी कुळातला, म्हणजे आपल्या नागदवण्याचा लांबचा भाऊबंद. मग जमेल की, असं वाटलं.

पहिली खरेदी म्हणजे शुद्ध फसवणूक. सप्टेंबरमध्ये ऑनलाइन मागवले, ‘दुर्मिळ स्नोड्रॉप, मिश्र रंग, 10 कंद’. चित्रात निळी आणि गुलाबी फुलं. तिथेच कळायला हवं होतं. स्नोड्रॉप पांढराच असतो. आतल्या पाकळ्यांवर हिरवा ठिपका, काही जातींत तो पिवळा, बस्स. निळा-गुलाबी स्नोड्रॉप फक्त विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उगवतो. आले ते पांढऱ्या रेन लिलीचे कंद. पानं कांद्याच्या पातीसारखी बारीक, फूल आभाळाकडे बघणारं, सहाही पाकळ्या सारख्या. खऱ्या स्नोड्रॉपचं फूल मान खाली घालून लोंबतं. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या, आतल्या तीन आखूड. एवढा फरक लक्षात ठेवलात तरी तुमचे चारशे रुपये वाचतील. माझे गेले. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘हवामानानुसार रंग बदलू शकतो.’

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. आयातीची कागदपत्रं दाखवणारा विक्रेता शोधला. हे महत्त्वाचं अशासाठी, की स्नोड्रॉपची सगळी प्रजातीच 1990 पासून सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर नेताना परवाना लागतो. तुर्कस्तानातल्या डोंगरांवरून पोत्यांनी कंद उपसले जायचे, म्हणून हे बंधन आलं. परदेशातल्या नातेवाइकाने बॅगेत घालून आणणं हा मार्ग नाही, भाचीला मीच नको म्हणाले. बारा कंद मिळाले : सहा गॅलॅन्थस एल्वेसी, सहा गॅलॅन्थस वोरोनोवी (गॅलॅन्थस हे स्नोड्रॉपचं शास्त्रीय नाव). खऱ्या अर्थाने दुर्मिळ म्हणाव्यात अशा या जाती नाहीत, बाजारात त्याच जास्त चालतात. हौशी लोकांचं वेड वेगळ्याच पातळीवर असतं. 2015 साली ‘गोल्डन फ्लीस’ नावाच्या वाणाचा एक कंद ऑनलाइन लिलावात 1,390 पौंडांना गेला. एक कंद! तेवढ्या पैशांत आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं.

आता थंडी. साताऱ्यात जानेवारीच्या पहाटे साधारण बारा-तेरा अंश, आणि अकरा वाजता ऊन पाठीला चटका देतं. स्नोड्रॉपला सलग काही आठवडे त्याहून बरीच जास्त थंडी लागते. म्हणून फ्रीज. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवले, दहा आठवडे. सफरचंद आणि केळी त्या कप्प्यातून हद्दपार, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी करपते.

इथे दोन घोळ झाले. एक प्राणावर बेतला असता. दिवाळीच्या गडबडीत सासूबाईंनी पिशवी काढून दोन कंद सोलले. मी स्वयंपाकघरात शिरले तर कढईत तेल तापलेलं, आणि त्या बोटं हुंगत उभ्या. म्हणाल्या, “अगं, हा कसला लसूण आणलास, वासच नाही!” वास नव्हता म्हणून वाचलो. स्नोड्रॉपच्या कंदात लायकोरीन नावाचं विष असतं, पोटात गेलं तर उलट्या-जुलाब ठरलेले. गंमत म्हणजे याच वनस्पतीत सापडलेलं गॅलँटामीन अल्झायमरच्या रुग्णांना औषध म्हणून देतात. पण ते डॉक्टरांनी मोजून द्यायचं, फोडणीत नाही. तेव्हापासून झाकणाचा डबा, त्यावर लाल स्केचपेनने ‘विष’, आणि तो सगळ्यात वरच्या कप्प्यात मागे.

दुसरा घोळ माझा. निशिगंधाचे कंद कोरडे ठेवायची सवय, तेच इथेही केलं. स्नोड्रॉपचा कंद फार कोरडा पडला की मरतो. डिसेंबरच्या मध्यावर पिशवी उघडली तर वोरोनोवीचे चार कंद दाबल्यावर जुन्या चिंचोक्याच्या टरफलासारखे मोडले. ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ठेवायला हवे होते. किंवा सरळ छोट्या कुंडीत लावून ती कुंडीच फ्रीजमध्ये. घरचे काय म्हणतील ते म्हणू देत.

एल्वेसीचे सोललेले दोन गेले, चार उरले, वोरोनोवीचे दोन. निम्मी माती, बाकी वाळू आणि चाळलेलं पानांचं खत, कुंडी उत्तरेच्या भिंतीला पाण्याच्या टाकीच्या सावलीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोंब आले. एल्वेसीचं पान रुंद, राखाडी झाक असलेलं, बुडाशी एकात एक गुंडाळलेलं. वोरोनोवीचं चकचकीत हिरवं.

सत्तावीस तारखेला सकाळी साडेसहाला चहा घेऊन वर गेले तर एल्वेसीचं एक फूल. बोटभर दांडा, टोकाला नळाच्या तोटीवर अडकून राहिलेला थेंब असावा तसं पांढरं बोंड. तेवढ्या गारव्यातही ते मिटलेलं नव्हतं. बाहेरच्या पाकळ्या किंचित सुटल्या होत्या. पारा दहाच्या वर गेला की त्या उघडायला लागतात, आणि आमच्याकडे तो त्याखाली फारसा जातोच कुठे! दहा वाजता त्या हेलिकॉप्टरच्या पात्यांसारख्या आडव्या. जमिनीवर बसून, मान वाकडी करून आत बघितलं. आखूड पाकळ्यांवर दोन हिरवे ठिपके, एक बुडाशी, एक टोकाशी. थंड देशांत फूल आठवडे टिकतं म्हणतात. माझं पाचव्या दिवशी दुपारी मलूल झालं. दुसरं आलं ते जेमतेम चार दिवस.

तेव्हा मी सगळ्यांना फोटो पाठवले. नंतर वाचलं, आणि जरा खट्टू झाले. स्नोड्रॉपचं पुढच्या वर्षीचं फूल आदल्या उन्हाळ्यातच, पानं सुकल्यावर कंदाच्या आत तयार होतं. म्हणजे माझ्या कुंडीत जे उमललं ते कुणा परक्या शेतकऱ्याने त्याच्या शेतात घडवलेलं होतं. मी फक्त पाकीट उघडलं. पहिल्या वर्षीच्या फुलाचा फोटो टाकून पाच तारे देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी.

आणि त्या परीक्षेत आम्ही काठावर आहोत. फुलानंतर पानांनी दोन-तीन महिने ऊन खाऊन कंद भरायचा असतो. साताऱ्यात मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच टोकं पिवळी पडली, गुढीपाडव्यापर्यंत सगळी आडवी. शेडनेट लावलं, सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारलं, उपयोग बेताचाच. मे महिन्यात उकरलं तर सहापैकी तीन घट्ट लागले, पण हरभऱ्याएवढे. लावताना चांगले सांबारातल्या कांद्याएवढे होते. पावसात कुंडी बाहेर ठेवली असती तर तेही कुजले असते, म्हणून जिन्याखाली, कोकोपीटमध्ये, आठवड्याला चमचाभर पाणी.

शिफारस करू का? कुंडी, फ्रीज आणि वाया घालवायला हजारेक रुपये असतील तर एकदा गंमत म्हणून एल्वेसी घ्या, वोरोनोवी नको. महाबळेश्वर-पाचगणीत घर असेल तर माझ्यापेक्षा बरं जमावं. कऱ्हाड-सांगलीकडच्यांनी नादी लागू नये.

ऑक्टोबरला ते तीन हरभरे पुन्हा फ्रीजमध्ये जातील. फूल येईल असं मला वाटत नाही, पान आलं तरी पुरे. फसवून आलेल्या रेन लिलीला मात्र परवाच्या सरीनंतर एकदम चौदा फुलं आली आहेत, आणि सासूबाई पाहुण्यांना ती ‘सूनबाईंचा बर्फाचा लसूण’ म्हणून दाखवतात.