रोचेस्टर कॅसल, केंट: किल्ल्यांचं वेड असेल तर चुकवू नका

लंडनहून एका दिवसात होणारा किल्ला कुठला, तर माझं उत्तर रोचेस्टर. सेंट पँक्रासहून फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता, पुढे स्टेशनवरून चालतच जायचं. बाहेरची बाग फुकट आहे, मधल्या मोठ्या टॉवरचं तिकीट लागतं आणि ते पैसे पुरेपूर वसूल होतात.

लगेच आत शिरू नका मात्र. आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. टॉवरचे तीन कोपरे चौकोनी आणि एकच गोल दिसेल, आणि अख्ख्या किल्ल्यात बघण्यासारखी गोष्ट कुठली म्हणाल तर मी तो गोल कोपराच म्हणेन! ११२७ मध्ये पहिल्या हेन्रीने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे दिला, त्याने हा ११३ फुटी टॉवर उठवला, तेव्हा चारही कोपरे चौकोनीच होते. मग १२१५ मध्ये बंडखोर सरदार आत घुसून बसले आणि किंग जॉनने वेढा घातला. दगडफेकी यंत्रांनी काही होईना म्हणून त्याने कोपऱ्याखाली सुरुंग खणायला लावला. सुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे दारू येते, पण इथे दारूचा संबंधच नाही, खाली पोकळी करत जायचं, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलायचा आणि मग टेकूच पेटवून द्यायचे. आग भडकावी म्हणून राजाने पत्र पाठवून ४० डुकरं मागवली, खायला निकामी पण चरबीने भरलेली. ते पत्र आजही टिकून आहे. कोपरा कोसळला, तरी आतली शिबंदी हटली नाही, मधल्या आडव्या भिंतीच्या पलीकडे सरकली आणि घोड्यांचं मांस खाऊन लढत राहिली, शेवटी ३० नोव्हेंबरला उपासमारीने शरण आली. पुढे तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो कोपरा परत बांधला तो गोल.

आत गेलात की ती आडवी भिंत समोरच आहे. छप्पर, मजले काहीच उरलेलं नाही, त्यामुळे खाली उभं राहिलं की थेट आभाळ दिसतं, भिंतीत अधांतरी राहिलेल्या चुली, तुळयांची भोकं, वरच्या कमानींवर नागमोडी नक्षी. भिंतीच्या पोटातच विहिरीचा आड आहे, प्रत्येक मजल्यावर पाणी ओढता यायचं, इतके दिवस आत तग कसा धरला ते तो बघून कळतं.

गोल जिना अरुंद आहे, पायऱ्या झिजलेल्या, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. वरून मात्र मेडवे नदी आणि कॅथेड्रल मस्त दिसतं. वारा जाम असतो, जॅकेट न्या. आणि उतरल्यावर कॅथेड्रलला जाच, टॉवरच्याही आधी इथला दगडी तट बांधणाऱ्या बिशप गंडल्फनेच ते बांधायला घेतलं होतं, लंडनचा व्हाइट टॉवरसुद्धा त्याच्याच देखरेखीखालचा.