घरी रंगवलेला बेबी रॅप: रोजच्या वापरात रंगाचं काय झालं

बेबी रॅप म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घ्यायचं लांब कापड. मी घेतला तो कोरा, पांढरट, सुती विणीचा. साइझ सहा, म्हणजे साधारण 4.6 मीटर. रंगीत रॅप तयार मिळतात, पण मला श्रावणातल्या भातखाचरांचा पोपटी हवा होता आणि दुकानातला पोपटी डोळ्यांत खुपायचा. म्हणून घरीच रंगवला. पावसाळा आणि थंडी दोन्ही त्यात काढल्यावर आता लिहिते आहे.

रंगवण्याचं थोडक्यात. धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढली, सुताने रंग धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यात भिजवला, नंतर तुरटीच्या, मग डाळिंबाच्या वाळक्या सालींचा पिवळा आणि त्यावर नीळ. ही निळीच्या झाडाची, पांढऱ्या कपड्यांना घालतात ती नव्हे. ती गूळ-चुन्याच्या पाण्यात विरघळवतात, त्या भांड्यातून कापड बाहेर येतं तेव्हा पिवळट हिरवं असतं, वारा लागला की डोळ्यांदेखत निळं पडत जातं. हळद घेतलीच नाही. ती उन्हाला दम धरत नाही, शिवाय साबण लागला की लाल होते. करड्या रंगासाठी लोखंडाचं पाणी वापरतात, पण त्याने सूत कमकुवत होतं, आणि इथे त्या सुतावर मूल तोललेलं असतं. रंग पक्का करायला वापरतात तो मोरचूद विषारी, त्यामुळे तोही नको. "चोखून चोखून रंग पोटात जाईल गं," हे सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे दोन काठ वेगळे ठेवणं. एक गर्द निळा, दुसरा पिवळा, मधे पोपटी. बाळ छातीशी धरून एका हाताने ढिलं कापड ओढताना आपण कोणता काठ आवळतोय हे कळायलाच हवं. एकरंगी रॅपमध्ये नेमकी तिथे धांदल उडते. माझ्याकडे वरचा काठ नेहमी निळा. तो मानेशी ढिला राहिला की आरशात लगेच दिसतो. नवीन आयांनी निदान एवढं तरी करावं, बाकी रंग हौसेचे.

आता तक्रारी. सुरुवातीला निळीने फार त्रास दिला. व्हिनेगरच्या पाण्यातून काढून, कितीतरी वेळा खंगाळूनही पांढऱ्या झबल्यांवर निळसर डाग पडायचे. ओला असताना जास्त, म्हणजे लाळ आणि घाम जिथे, तिथेच. हळूहळू ते थांबलं. डाळिंबाचा पिवळा अंगाला लागला नाही, पण तो उन्हाने विटला. पाठीवर घेऊन फिरताना खांद्यावरची घडी सतत उन्हात असते. तिथला पोपटी आता निळसर झालाय, कारण खालचा पिवळा आधी उडतो. आतल्या घड्यांत मूळ रंग तसाच आहे. मला हा फरक आवडतो, नवऱ्याला "कापड जुनं झालं" वाटतं.

वीण मात्र छान राहिली. उकळल्याने आणि रोजच्या ओढाताणीने कापड मऊ पडलं, तिरपं ओढलं की पूर्वीसारखंच ताणतं. महिन्यातून एकदा उजेडासमोर धरून विरळ जागा तपासते, अजून सापडलेली नाही. धुते रिठ्याने, वाळवते सावलीत.

पूर्ण रॅप गडद निळीत बुडवणं मी तान्ह्या बाळासाठी सुचवणार नाही. निळा हवाच असेल तर काठापुरता ठेवा. खांद्याचा पिवळा परत चढवायचा म्हणजे हिरडा-तुरटी पहिल्यापासून करावी लागेल. ते उन्हाळ्यात, सालींचा डबा भरला की.