साइटमॅपच्या नावाखाली ३१,८६० रुपयांना चुना

आधी पावत्यांचे आकडे सांगते. २,३६० रुपये ‘ऑडिट’चे, ११,८०० ‘गुगल नोंदणी शुल्का’चे आणि १७,७०० ‘वार्षिक साइटमॅप होस्टिंग’चे. एकूण ३१,८६०. साइटमॅप म्हणजे वेबसाइटच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, ती वाचून गुगल आपली पानं शोधतं. ती नोंदवायला गुगल एक रुपयाही घेत नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

आमचं कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान आहे. कापशी, पुकरी, बक्कलनाळी धरून वेबसाइटवर १८६ प्रकार. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने आपल्यासारखीच चप्पल मिरवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तो गदारोळ आठवत असेलच. तो गाजत असतानाच या पावत्या देणाऱ्या माणसाचा फोन आला. “मॅडम, अख्खं जग कोल्हापुरी शोधतंय आणि तुमचं दुकान गुगलला दिसतच नाही.” ऑर्डरी खरंच थंडावल्या होत्या. दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलं मेल्याने. अशा वेळी फोन कट करणारे शहाणे मला भेटायचेत अजून.

ऑडिटचे पैसे घेऊन त्याने स्क्रीन शेअर केली. वर आमच्या दुकानाचा पत्ता टाइप केला, पुढे स्लॅश ‘शॉप’, पुढे स्लॅश ‘साइटमॅप डॉट एक्सएमएल’. एंटर. पांढऱ्या पानावर मोठ्ठं ४०४, म्हणजे ‘असं पानच नाही’. “बघा, फाइलच नाही. गुगल येतं आणि परत जातं.”

तो मधला ‘शॉप’ मला दिसला होता! नुसता दिसला नाही, मी विचारलंसुद्धा, की मध्ये शॉप कशाला? त्यावर म्हणतो, “ब्लॉगवाल्यांची फाइल बाहेर चालते मॅडम, दुकानाची दुकानाच्या फोल्डरमध्येच लागते.” आता सांगा, यात खटकण्यासारखं काय आहे? चपला दुकानात ठेवतात, रस्त्यावर नाही, इतकं सरळ वाटलं मला. तिथेच दुसऱ्या टॅबमध्ये ‘शॉप’ काढून एकदा एंटर मारला असता तर सगळा खेळ खलास होता. दहा सेकंदांचं काम. पण समोरचा फडाफडा बोलत असताना दुसरा टॅब उघडायचं सुचत नाही, सुचू द्यायचंच नसतं त्यांना.

खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. साइटमॅप वेबसाइटच्या मुळाशी, म्हणजे डॉट कॉमनंतर लगेच, ठेवतात. कारण नियमच असा आहे की फाइल ज्या फोल्डरमध्ये असेल सहसा त्या फोल्डरच्या आतल्या पानांपुरतीच ती धरली जाते. आमच्या चपलांची पानं ‘प्रॉडक्ट’ या नावाखाली आहेत, ‘शॉप’खाली नाहीतच. म्हणजे ज्या जागी फाइल नाही म्हणून मला घाबरवलं, तिथे ती असून उपयोग नव्हता. आणि मुळाशी ती होतीच! वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, ही यादी आपोआप बनते. ऑनलाइन दुकान थाटून देणारे शॉपिफायवालेसुद्धा ती स्वतः बनवून देतात. भाच्याने माझ्यासमोर मोबाइलवर उघडून दाखवली. “मामी, ही बघ की. सगळ्या कापशी हाईत हितं.”

दुसरी थाप, ‘१०० च्या वर वस्तू असल्या की गुगलकडे मोठ्या दुकानाची नोंदणी लागते’. त्याचे ११,८००. एका साइटमॅप फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी आहे हो. माझ्या १८६ चपलांना कसली आलीय मोठी नोंदणी? सर्च कन्सोल म्हणून वेबसाइटच्या मालकांसाठी गुगलचीच फुकट सोय आहे, तिथे जाऊन साइटमॅपचा पत्ता टाकायचा, सबमिट दाबायचं, झालं. नाहीतर रोबोट्स डॉट टीएक्सटी या, गुगलसारख्यांना सूचना देणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची.

१७,७०० भरल्यावर एक चकचकीत अहवाल आला. सगळ्या पानांना ‘प्रायॉरिटी १.०’, म्हणजे महत्त्वाचा सगळ्यात वरचा आकडा, दिली म्हणे. गुगल तो आकडा बघतही नाही. ‘गुगलला रोज पिंग केलं’, म्हणजे यादी बघायला या असं कळवलं, म्हणे. ती पिंगची सोय गुगलने २०२३ मध्येच बंद करायचं जाहीर केलं होतं. बंद दाराची कडी वाजवायचे पैसे घेतले माझ्याकडून.

बिल मात्र झकास होतं, १८ टक्के जीएसटीसकट. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर सुरू होतो ०७ ने. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. माझ्या स्वतःच्या प्रत्येक बिलावर २७ आहे! नंतर पोर्टलवर टाकून पाहिला तर तसा नंबरच निघाला नाही. पैसे पाठवायच्या आधी नंबर तिथे टाकून बघा, फुकट आहे.

आता पुढची तऱ्हा. बँक म्हणाली, यूपीआय तुम्हीच केलंत, पिनही तुमचाच, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “फाइल दिली ना त्यांनी? मग फसवणूक कुठंय? हे दिवाणी आहे.” खोटं ४०४ दाखवून, खोट्या नंबराचं बिल देऊन पैसे उकळणं दिवाणी? मग ४२० च्या जागी न्याय संहितेत ३१८ कलम कशासाठी घातलंय, शोभेला? तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का मारणारा जेवायला गेलेला. ग्राहक म्हणून दाद मागायला गेले तर उत्तर मिळालं, सेवा धंद्यासाठी घेतलीत, तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या कायद्यात स्पष्टीकरण आहे, की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही; मग सेवेलाच वेगळा न्याय का? ते मी वाचून दाखवलं, तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं, तर म्हणे ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं, तर ओटीपी येईना. चोराला माझ्याकडून पैसे काढायला इतके कागद लागले नव्हते.

असं काही झालं तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. मी उशीर केला, कारण तेव्हा मला सेवा घेतल्यासारखंच वाटत होतं.

आणि सर्च कन्सोलमध्ये कोणालाही मालक करू नका. याने स्वतःला करून घेतलं होतं. नुसतं यादीतून नाव उडवून भागत नाही. वेबसाइटच्या मुळाशी त्यांनी ‘गुगल’ने सुरू होणारी एक छोटी एचटीएमएल फाइल मालकीचा पुरावा म्हणून ठेवलेली असते. ती राहिली तर तो माणूस पुन्हा मालक होऊ शकतो. आमच्याकडे ती भाच्याला सापडली. म्हणजे ही फाइल कुठे ठेवायची, ते त्या चोराला नेमकं ठाऊक होतं.