न्यू जर्सीत स्कॅनर घेतला, आता फ्रिक्वेन्सी कुठून शोधायच्या?

स्कॅनर म्हणजे पोलीस, अग्निशमन, मॉल यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा रेडिओ. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास त्यावर काय ऐकू येतं, हे कळायच्या वाटा तीन: रेडिओरेफरन्स या संकेतस्थळाची यादी, एफसीसीची (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाची) परवाना नोंद आणि स्वतः केलेला शोध. नवीन माणूस बहुतेक यादीवर थांबतो. पोलीस आणि अग्निशमन एवढंच ऐकायचं असेल तर ते ठीकच आहे. पण मॉल, गोदामं, शाळेच्या बस, हॉटेलं ऐकायची असतील तर यादी अपुरी पडते, आणि तिथेच या छंदाची खरी गंमत आहे.

पोलीस आणि अग्निशमनासाठी यादीच का? एनजेआयसीएस ही न्यू जर्सीची राज्यव्यापी रेडिओ यंत्रणा पी२५ (डिजिटल रेडिओचं एक मानक) ट्रंकिंगवर चालते, म्हणजे मोकळी असेल ती फ्रिक्वेन्सी संगणक प्रत्येक बोलण्याला देतो. त्यात एका संभाषणाला एकच ठरलेली फ्रिक्वेन्सी नसते. टॉकग्रुपचा, म्हणजे बोलणाऱ्या गटाचा, क्रमांक लागतो आणि तो एफसीसीच्या नोंदीत मिळत नाही. यादीत मोडचा रकाना आधी पाहा. तिथे ‘डीई’ असेल तर बोलणं पूर्ण एन्क्रिप्टेड आहे. कितीही महागडा स्कॅनर घेतला तरी ते ऐकू येणार नाही. बीसी१२५एटी हा स्कॅनर फक्त अ‍ॅनालॉग ऐकतो, म्हणून हा रकाना यंत्र विकत घेण्याआधीच वाचा. यादी हौशी लोक भरतात. बंद पडलेले चॅनल तिच्यात बरेच दिवस राहतात.

एफसीसीची यूएलएस, म्हणजे परवान्यांची ऑनलाइन नोंद, फुकट आहे. काउंटी निवडून शोधा. व्यावसायिक परवान्यांसाठी सेवेचा कोड ‘आयजी’ द्या. ‘एफबी२’ म्हणजे रिपीटर (संचाचं बोलणं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारं केंद्र), ‘एमओ’ म्हणजे फिरते संच. एमिशनचा (प्रक्षेपणाच्या प्रकाराचा) कोड तर सोन्यासारखा: ११के२एफ३ई म्हणजे साधं नॅरोबँड एफएम, ७के६०एफएक्सई बहुधा डीएमआर (आणखी एक डिजिटल पद्धत), ८के१०एफ१ई पी२५. उणीव अशी की परवाना १० वर्षांचा असतो, त्यामुळे कागदावर जिवंत असलेला चॅनल प्रत्यक्षात मुका असू शकतो. टोन, म्हणजे एकाच चॅनलवरचे गट वेगळे करणारा बारीक संकेत, दिलेला नसतो. केंद्रीय खात्यांच्या फ्रिक्वेन्सी एनटीआयए ही वेगळी सरकारी संस्था सांभाळते, म्हणून त्याही इथे नाहीत.

स्वतःच्या शोधाला वेळ लागतो, पण आत्ता, इथे काय चालू आहे हे फक्त त्यातूनच कळतं. मॉलच्या पार्किंगमध्ये स्कॅनरमधली क्लोज कॉल ही सोय चालू ठेवा. जवळचा वॉकीटॉकी बोलला की स्कॅनर ती फ्रिक्वेन्सी पकडतो. तो हवामान केंद्रावर किंवा पेजरवर पुन्हापुन्हा अडकला तर त्या फ्रिक्वेन्सी लॉकआउट करा, म्हणजे वगळा. घरी बसून शोधायचं असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा यूएसबी रेडिओ, अधिक कामाचा: सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम वॉटरफॉलवर (सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) दिसतो आणि दोन सेकंदांचं बोलणंही रेघ सोडून जातं.

फसगत कुठे होते? स्वस्त डोंगलमध्ये ३० पीपीएमची (दहा लाखांत ३० ची) चूक असली तर ४६० मेगाहर्ट्झवर काटा जवळजवळ १४ किलोहर्ट्झ सरकतो, म्हणजे थेट शेजारचा चॅनल. आधी १६२.४०० ते १६२.५५० मधल्या स्थानिक हवामान केंद्रावर तो जुळवून घ्या; ते अखंड चालू असतं. अँटेना काढल्यावरही सिग्नल तसाच राहिला तर तो डोंगलचाच. डोंगलच्या क्रिस्टलच्या २८.८ मेगाहर्ट्झच्या पटीत, म्हणजे १४४.० किंवा ४६०.८ वर, अशी भुतं हमखास भेटतात. गावात एफएम केंद्राचा टॉवर जवळ असेल तर ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर लावा. स्कॅनरवर ४५० ते ४७० मध्ये पायरी (शोधताना फ्रिक्वेन्सी पुढे सरकण्याचं अंतर) ६.२५ किलोहर्ट्झ ठेवा. विमानं मात्र एएमवर असतात. एफएमवर ती नीट कळत नाहीत.

आता दोन वाटा जोडा. समजा ४६३.२८७५ वर आवाज सापडला. ती फ्रिक्वेन्सी यूएलएसमध्ये आपल्या काउंटीसह टाका. तिथे एफबी२ असेल तर संच ४६८.२८७५ वरून पाठवत असणार. ५ मेगाहर्ट्झचं अंतर ठरलेलंच. स्कॅनर टोन दाखवत असेल तर तोही लिहून ठेवा, कारण तोच चॅनल अनेक जण वाटून घेतात आणि टोनवरूनच ते वेगळे ओळखू येतात. मग परवानाधारकाचा पत्ता आणि कानावर पडलेलं बोलणं ताडून पाहा.

म्हणून पहिल्या आठवड्यात यादी, नंतर शोध, आणि सापडलेलं तपासायला एफसीसी, असा क्रम आम्ही सुचवू.

गाडी घेऊन नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये जाताना स्कॅनर घरीच ठेवा: पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा संच परवानगीशिवाय गाडीत बसवणं तिथे गुन्हा आहे, हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकांना सूट आहे. मोबाइल फोनचं बोलणं ऐकायला देशभर बंदी आहे. भारतातले नियम वेगळे आहेत, त्यामुळे सुट्टीत संच सोबत नेऊ नका.